रायगड पडला, मी जुना सेव्ह उघडला

२०२० च्या मे महिन्यात, एका दुपारी साडेतीनच्या सुमारास, अलेक्झांडरने रायगड घेतला.

मी चिंचपोकळीला, आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, दाराशी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, कारण रेंज तिथेच यायची. टाळेबंदी होती. लोकल बंद, त्यामुळे ज्यांचं अख्खं आयुष्य गाड्यांच्या खडखडाटात गेलं त्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना शांततेने झोप लागत नव्हती. मी 'सिव्हिलायझेशन'चा पाचवा भाग खेळत होतो. ग्रीकांच्या तोफा दहाबारा टर्न रायगडावर आग ओकत होत्या, माझी शेवटची पलटण संपली आणि राजधानीवरचा झेंडा निळा झाला. मग मी तेच केलं जे हा खेळ खेळणारा प्रत्येक जण करतो. मेनू उघडला, 'लोड'वर गेलो, वीस टर्न मागचा सेव्ह उघडला. रायगड पुन्हा माझा.

"काय रे, काय झालं?" कॉटवर आडवे पडलेले आजोबा म्हणाले. मी बहुतेक काहीतरी पुटपुटलो होतो.

"रायगड पडला."

"कुणी घेतला?"

"अलेक्झांडरने."

यावर त्यांनी थोडा विचार केला. "मग?"

"मग काय, मागे गेलो. पडायच्या आधी."

"पडला होताच की रायगड," ते म्हणाले. "झुल्फिकारखानानं घेतला. पुढचं शिकवलं नाही काय रे तुम्हाला शाळेत?"

शिकवलं होतं. पण आम्ही सगळे चौथीच्या इतिहासात महाराजांपर्यंत आलो आणि तिथेच रमलो. पुढचं मला खरंच नीट आठवत नव्हतं. त्या दुपारी एक प्रश्न डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही. हा खेळ सुरू करताना मी दोन गोष्टी निवडतो, एक नेता आणि एक राजधानी. त्या निवडताना मी नक्की काय निवडत असतो?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिड मायर या माणसाने १९९१ साली 'सिव्हिलायझेशन' बाजारात आणला. इसवी सनपूर्व ४००० मध्ये तुमच्याकडे वसाहत करणाऱ्यांची एक टोळी असते. ती जिथे बसवाल ते तुमचं पहिलं शहर, आणि पहिलं शहर म्हणजे आपोआप राजधानी. मग शेती, लेखन, बारूद, रेल्वे, अणुबॉम्ब असं करत सहा हजार वर्षं तुम्ही राज्य करता. या सहा हजार वर्षांत नेता बदलत नाही. निवडणूक हरत नाही, मरत नाही, त्याच्या पोटात दुखत नाही. आता हा खेळ फोनवरही मिळतो, तेव्हा चर्चगेट ते विरार या वेळेत रोमन साम्राज्य उभं करणारे लोक तुमच्या शेजारी बसलेले असू शकतात.

भारत निवडला की नेता मिळतो महात्मा गांधी. पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक भागात गांधीजी आहेत. मध्ये अशोक आला, चंद्रगुप्त मौर्य आला, पण गांधीजी हटले नाहीत. सातव्या भागात, २०२५ मध्ये, पहिल्यांदा सुरुवातीच्या यादीत ते नव्हते. गंमत बघा, ज्या माणसाने आयुष्यात एकही सरकारी पद घेतलं नाही, तो या खेळात तीस वर्षं भारताचा राजा होता. त्यांच्याबद्दलची दंतकथा तर तुम्ही मीम्समध्ये पाहिली असेल: पहिल्या भागातल्या एका बगमुळे गांधीजी अचानक अणुबॉम्ब टाकत सुटायचे. सिड मायरने २०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात सांगितलं की असा बग नव्हताच. पण लोकांना तो विनोद इतका आवडला की पुढच्या भागांत गांधीजींची अणुबॉम्बची आवड मुद्दाम वाढवून ठेवली. आता ते खरंच टाकतात.

मला गांधीजी नको होते. मला महाराज हवे होते, आणि महाराज या खेळात नाहीत. मराठे काही बाकीच्या खेळांत आहेत. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये आहेत, त्याकडे मी येतो. पण 'सिव्हिलायझेशन'मध्ये नाहीत आणि याचा मला कॉलेजपासून राग होता. पाचव्या भागात एक पळवाट आहे. खेळ सुरू होण्याआधीच्या पानावर नेत्याचं आणि देशाचं नाव बदलता येतं. मी भारत घ्यायचो, नाव बदलायचो आणि दिल्ली वसली की तिचं 'रायगड' करायचो. त्यामुळे माझे महाराज सुरुवातीच्या चित्रात चष्मा लावून, पंचा नेसून दिसायचे. मला त्याचं काही वाटत नसे. नाव आपलं असलं की पुरे.

पण नावाची जबाबदारी येते का? हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. खेळात जखमी पलटण बरी करायची एक सोपी युक्ती आहे: शत्रूच्या मुलखातलं शेत लुटायचं. शेत उद्ध्वस्त होतं, पलटणीला पंचवीस गुण मिळतात. मी हे शेकडो वेळा केलंय, महाराजांच्या नावाने. आणि त्याच महाराजांच्या कारकिर्दीतलं, राज्याभिषेकाच्या तोंडावर १६७४ मध्ये चिपळूणच्या छावणीवरच्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र आम्ही व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा फॉरवर्ड करतो. रयतेला काडीचाही त्रास होता कामा नये, असा त्याचा आशय. ते पत्र आपल्या रयतेबद्दल होतं, शत्रूच्या मुलखाची गोष्ट वेगळी होती, सुरत आपल्याला माहीत आहे. तरीही. ज्या नावासाठी मी यादी बदलायला निघालो होतो, ते नाव मी एका शेतजाळ्या पलटणीवर चिकटवलं होतं.

जगात इतरांनी हा प्रश्न माझ्याआधी विचारलाय. पाचव्या भागासाठी कंपनीला अमेरिकेतले प्वेब्लो लोक आणि त्यांचा पोपे हा नेता घ्यायचा होता. १६८० मध्ये स्पॅनिशांविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व करणारा हा माणूस. प्वेब्लोंच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, नको. कंपनीने मान ठेवला आणि दुसरी जमात घेतली. सहाव्या भागात, २०१८ मध्ये, कॅनडातल्या क्री लोकांचा पाउंडमेकर आला, तेव्हा त्याच्याच समाजातल्या एका प्रमुखाने हरकत घेतली. मुद्दा असा की आमची संस्कृती दुसऱ्याची जमीन जिंकत सुटण्याची नव्हती, आणि तुम्ही आमच्या माणसाला त्याच खुर्चीत बसवताय.

खुर्ची हा शब्द माझा आहे. पण मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे. या खेळात नेते डझनावारी आहेत, खुर्ची एकच आहे. अशोक बसो की चंगीझ खान, त्या खुर्चीतून दिसतं तेच दिसतं.

आता रायगडाकडे. आजोबांनी टोकल्यावर मी वाचायला बसलो आणि मला एक भलतीच गोष्ट कळली, म्हणजे तुम्हाला कदाचित माहीत असेल. मराठ्यांना एक राजधानी कधी फार काळ नव्हतीच. आधी राजगड, पंचवीसेक वर्षं. मग रायगड, जिथे ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, रायगडाला वेढा पडला, येसूबाई आणि छोटा शाहू मोगलांच्या हाती लागले. त्याआधीच राजाराम गडावरून निसटले होते. ते थेट दक्षिणेत, आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला पोचले आणि जिंजी राजधानी झाली. राजा जिंजीत, मुलूख महाराष्ट्रात, मध्ये शेकडो मैल आणि मोगल फौजा. इकडे रामचंद्रपंत अमात्य कारभार बघतायत, संताजी आणि धनाजी फौजा घेऊन फिरतायत. १६९८ मध्ये जिंजीही पडली. मग राजधानी सातारा. मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले, तेव्हा सातारच्या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा होता.

'एम्पायर: टोटल वॉर' नेमका १७०० साली सुरू होतो. नकाशावर मराठ्यांचा रंगवलेला प्रदेश, त्यात एक राजधानी, सिंहासनावर एक माणूस. त्या वर्षी खरोखर काय होतं? राजा गेलेला, राजधानी वेढ्यात, कारभार हाती घेणारी पंचविशीतली ताराबाई. आणि समोरचा? औरंगजेब १६८१ पासून दक्षिणेकडे निघालेला होता, तो दिल्लीला परत गेलाच नाही. काही वर्षं भीमेकाठी ब्रह्मपुरीला त्याची छावणी होती, पुढे ती छावणी एका किल्ल्याखालून दुसऱ्या किल्ल्याखाली हलत राहिली. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत राज्यांपैकी एकाची राजधानी तंबूत होती, आणि ज्यांच्याशी तो लढत होता त्यांची कुठे होती हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा म्हणूनच तो जिंकू शकला नाही. 'सिव्हिलायझेशन'मध्ये लढून जिंकायचं तर बाकी सगळ्यांच्या मूळ राजधान्या घ्याव्या लागतात. औरंगजेबाने मूळ राजधानी घेतली होती. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ मेला, तेव्हा खेळ चालूच होता.

मी हे सगळं आजोबांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे सातारा राजधानी होती ना?" ते सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. ऐंशी ओलांडल्यावरही हा मुद्दा त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता.

इथे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. सोळाव्या वर्षी ते मुंबईत आले, एका खोलीत गावची दहाबारा माणसं, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं. गिरणीत आधी बदली, मग साचेखात्यात कायम. २१ नोव्हेंबर १९५५ ला ते अठरा वर्षांचे होते. मुंबईच्या गिरण्या त्या दिवशी बंद होत्या आणि माणसं विधानभवनाकडे निघाली होती. राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी माणसांना मुंबईसकट वेगळं राज्य दिलं नव्हतं, गुजराती-मराठी असं द्विभाषिक राज्य सुचवलं होतं. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्या दिवशी पंधरा जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. हुतात्मे १०५ म्हणायची सवय आहे, कुणी १०६ म्हणतं, कुणी १०७.

थोडक्यात, मी खेळात पहिल्या टर्नला, कसलाही विचार न करता, एका क्लिकमध्ये जी गोष्ट करतो ती ठरवायला इथे साडेचार वर्षं आणि शंभरावर माणसं लागली. आणि नेता? या सिव्हिलायझेशनचा नेता कोण निवडाल? समितीत एस. एम. जोशी समाजवादी, डांगे कम्युनिस्ट, अत्रे अत्रेच, प्रबोधनकार वेगळे, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. मंगल कलश आणला तो यशवंतरावांनी, आणि ते समितीत नव्हते, समोरच्या पक्षात होते. निवडीच्या पानावर कुणाचं चित्र लावायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. हुतात्मा चौकातल्या स्मारकात म्हणून कुणाचा चेहरा नाही. एक शेतकरी, एक कामगार, हातात मशाल.

आजोबा त्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा 'आम्ही' म्हणतात. मी एकदा विचारलं होतं, गुजराती दुकानांवर दगड पडले, ते कुणी मारले? तेव्हा ते 'लोकांनी' म्हणाले. हा फरक मी लक्षात ठेवला आहे. त्यांना तो पुन्हा विचारलेला नाही.

माझा एक नागपूरचा मित्र आहे, ऑफिसातला. त्याला मी हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला, तुम्ही राजधानी मिळवली, आमची गेली. खरंच आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यातलं एक शहर झालं. १९५३ चा नागपूर करार, त्यातून आलेलं हिवाळी अधिवेशन, हे सगळं त्या गेलेल्या राजधानीचं सांत्वन आहे. डिसेंबरात काही दिवस मंत्री येतात, रवी भवन भरतं, हुरडा खाऊन परत जातात, असं तो म्हणतो. खेळात सहाव्या भागातली फिनिशियन राणी डिडो राजधानी एका शहरातून दुसरीकडे हलवू शकते. ते तिचं खास वैशिष्ट्य म्हणून दिलंय. जुन्या राजधानीतल्या लोकांना त्याचं काय वाटतं, याला खेळात जागा नाही. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीचं दौलताबाद करून तिथे राजधानी नेली, त्याला आपण सातशे वर्षं वेडा म्हणतोय, आणि ते म्हणतोय कारण चालत जे लोक आले त्यांची बाजू आपल्यापर्यंत पोचली.

असो. या निबंधाची खरी गोष्ट यापुढे आहे, आणि ती मला जरा अवघड जाते.

दोन दिवसांनी आजोबा म्हणाले, मला शिकव. टाळेबंदीत त्यांचं कट्ट्यावर बसणं बंद झालं होतं, पेपर येत नव्हता. मी नवा खेळ लावला. नेत्यांची यादी उघडली.

"यात आपलं कोण?"

"गांधीजी."

"ते कधी गादीवर बसले?" ते हसले. "नेता न घेता खेळता येत नाही काय?"

येत नाही. 'रँडम' मात्र येतं, म्हणजे खेळ तुमच्यासाठी चिठ्ठी काढतो. "कोणीही दे," ते म्हणाले. चिठ्ठीत निघाला बगदादचा हारून अल रशीद. पहिलं शहर वसलं, त्याचं नाव त्यांनी बदलायला लावलं: सातारा. दुसरं त्यांच्या गावाचं. तिसरं परळ, चौथं चिंचपोकळी. हारून अल रशीदचं सातारा राज्य आठवड्याभरात आमच्या घरी जेवणाच्या वेळा ठरवू लागलं. आई वैतागली.

मला वाटलं होतं, हा माणूस संपात उतरलेला, मोर्च्यात गोळ्यांचे आवाज ऐकलेला, याचं राज्य वेगळं असेल. नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजोबा परळमधल्या लोकांना शेतावरून काढून खाणीत टाका म्हणत होते, कारण एक आश्चर्य बांधून पुरं व्हायला चार टर्न कमी पडत होते. "उपाशी राहतील," मी म्हणालो. "चार टर्न ना? काढतील." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं, त्यांच्याच तोंडून, जॉबरची नक्कल करताना.

मग त्यांनी स्पार्टा घेतलं. माझ्या रायगडाचा सूड होता तो, तसं त्यांनी जाहीरही केलं. शहर जिंकलं की खेळ विचारतो: राज्यात सामील करून घ्यायचं, मांडलिक ठेवायचं, की नष्ट करायचं. मूळ राजधानी असेल तर हा तिसरा पर्याय मिळतच नाही. राजधानी जाळता येत नाही, बाकी बहुतेक गावं जाळता येतात. स्पार्टा राजधानी नव्हती.

"ठेवलं तर काय होतं?"

"तिथले लोक नाराज असतात. त्याने अख्खं राज्य नाराज होतं."

त्यांनी वरच्या पट्टीतला नाराजीचा आकडा बघितला. "जाळ."

शहर एकदम जळत नाही. त्याच्या नावाशेजारी लोकसंख्येचा आकडा असतो, तो दर टर्नला एकने कमी होतो. स्पार्टा सात होतं. सहा. पाच. आजोबांचं लक्ष नव्हतं, ते सातारला विद्यापीठ बांधत होते. चारवर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे आकडे कुठं जातात?"

"कुठे नाही. कमी होतात."

"दुसऱ्या गावात जात नाहीत?"

"नाही."

"थांबवता येतं?"

"येतं. पण नाराजी राहील."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "चालू दे." तीन. दोन. एक. मग तिथे नुसती जमीन राहिली आणि आजोबांनी चहा मागितला.

ते त्या वेळी काय विचार करत होते मला माहीत नाही, आणि मी त्यांच्या डोक्यात माझे विचार भरणार नाही. मी काय विचार करत होतो ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार होते. आजोबा पंचेचाळीस वर्षांचे. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्यांची गिरणी आधी अर्धी चालू झाली, मग कागदावर चालू राहिली, मग बंद. ते एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार झाले. १९९१ च्या विकास नियमावलीत असं होतं की गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी शहराला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला: तीन भाग फक्त रिकाम्या जमिनीचे, इमारती असलेल्या जमिनीचे नाहीत. गिरणी म्हटली की इमारतीच असणार. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. आमच्या मजल्यावर वीस खोल्या आहेत. माझ्या लहानपणी ज्या घरांत मी जेवलोय त्यातली सात उरली आहेत. बाकीची डोंबिवली, विरार, बदलापूर, काही सरळ गावी. दर दोनतीन वर्षांनी एक घर. कुणी कुणाला जाळलं नाही. कुणाला तरी कुठेतरी वरच्या पट्टीत एक आकडा दिसत होता, इतकंच.

ज्या राजधानीसाठी फाउंटनला माणसं गेली, त्यांच्याच गिरणगावात ती राजधानी त्यांना परवडेनाशी झाली. याला विश्वासघात म्हणायचं का, मला ठरवता येत नाही. विश्वासघात करायला कुणीतरी चेहरा असलेला माणूस लागतो. आजोबांना विचारलं तर ते गिरणीमालक, सरकार, युनियन अशी यादी देतात, आणि शेवटी नेहमी स्वतःचं नाव घालतात, आम्हीच मध्ये फुटलो म्हणून. मला ती यादी पुरी वाटत नाही. स्पार्टा जाळणारा माणूस दुष्ट नव्हता. तो माझा आजोबा होता, त्याच्या मांडीवर मी वाढलोय. त्याला फक्त अशा जागी बसवलं होतं जिथून माणसं आकडे म्हणून दिसतात आणि विद्यापीठ चित्रासकट दिसतं.

यावर माझा मित्र म्हणतो, मग खेळू नको. बुद्धिबळातही प्यादी मरतात. हो, पण बुद्धिबळातल्या राजाला कुणी अशोक म्हणत नाही. प्याद्यांचं मरणं कुणाच्या कीर्तीच्या खात्यात जमा होत नाही. इथे मी नाव घेतो, आणि ते नाव मला हवं असतं याचं कारण ते माझ्यासारख्यांच्या जिवावर मोठं झालं असं मी मानतो. मावळे, बारगीर, गडकरी, रामोशी. रायगड, जिंजी, सातारा असं करत राज्य टिकलं ते राजधानी नसतानाही ज्यांनी वसूल गोळा केला, दाणा पोचवला, घोडी लपवली त्यांच्यामुळे. माझे पूर्वज असतील तर त्यांत असतील, सिंहासनाशेजारी नक्की नव्हते. आणि खेळात मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्यांना सोडून सिंहासनावर जाऊन बसतो. मला तशी सवयच आहे. निवडणुकीच्या गप्पा मारतानाही मी 'आपण उत्तर प्रदेश घेतला', 'बंगाल गेला' असं बोलतो. मी कुणाचं काय घेतलं? मी भाड्याच्या खोलीत राहतो.

मी खेळणं सोडलेलं नाही. फक्त शहर पडलं की आता जुना सेव्ह उघडत नाही. पडू देतो. पहिल्यांदा फार जड गेलं. राजधानी गेल्यावर खेळ तुमचा राजवाडा गुपचूप दुसऱ्या शहरात हलवतो, एक ओळीचा निरोप येतो, आणि पुढचा टर्न सुरू होतो. तोवर मी हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण तोवर मी त्या टर्नपर्यंत कधी पोचलोच नव्हतो.

गेल्या महिन्यात आजोबांनी परत खेळायला मागितला. आता ते अठ्ठ्याऐंशीचे आहेत, अक्षरं दिसत नाहीत, मी वाचून दाखवतो. यादी उघडली. "कोणीही दे," म्हणाले. चिठ्ठीत गांधीजी निघाले. आजोबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

"बसव," ते म्हणाले. "बघू गादीवर बसून म्हातारा काय करतो."

पहिलं शहर वसलं. दिल्ली. मी विचारलं, नाव बदलू का, सातारा करू?

"राहू दे दिल्ली. दुसरं कुठलं येतं यादीत?"

"मुंबई."

"मग चांगली जागा बघ तिच्यासाठी," ते म्हणाले, आणि नकाशा दिसत नसतानाही पुढे झुकले. "समुद्र कुठे आहे?"